उसाच्या रसाचं कोर्स-ग्रेन मॉडेल: १८ ब्रिक्सचा डबा कॉम्प्युटरवर कसा चालवायचा

बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणीकडची पोरं एम.एस्सी. केमिस्ट्री किंवा बायोटेकला गेली की प्रोजेक्टला हमखास साखर घेतात, घरी ऊस असतो, काका कारखान्यात असतात, आणि बेळगावात एस. निजलिंगप्पा शुगर इन्स्टिट्यूट आहे म्हटल्यावर विषयाला वजन पण येतं. मग सहा महिन्यांनी कुणीतरी सांगतो की सर म्हणाले सिम्युलेशन कर, लॅबचं सामान नाही तर कॉम्प्युटर तरी आहे. इथनं पुढं काय करायचं ते मराठीत सापडत नाही, म्हणून हे सगळं लिहितोय. कमांडची आणि फाइलची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाइप करायची.

आधी हिशोब बघा, म्हणजे कोर्स-ग्रेन (अणूंऐवजी अणूंचे गठ्ठे धरून केलेलं मॉडेल) कशाला ते आपोआप कळतंय. समजा चांगल्या उसाचा रस १८ ब्रिक्सचा आहे (१०० ग्रॅम रसात विरघळलेलं १८ ग्रॅम), आणि सोयीसाठी ब्रिक्स म्हणजे सगळी सुक्रोजच धरली. १८ ब्रिक्सला घनता साधारण १.०७४, म्हणजे लिटरमागे १९३ ग्रॅम साखर, सुक्रोजचा रेणूभार ३४२, म्हणून सुमारे ०.५६५ मोलर. आता १० नॅनोमीटर बाजूचा चौकोनी डबा घेतला तर त्याचं आकारमान १००० घन नॅनोमीटर, आणि १ मोलरला त्यात ६०२ रेणू बसतात (अॅव्होगॅड्रोचा आकडा घालून स्वतः करून बघा). तर आपल्या रसात ३४० सुक्रोज आणि साधारण २९,४४० पाण्याचे रेणू. सुक्रोजमध्ये ४५ अणू, पाण्यात ३, सगळे मिळून १ लाख ३ हजारांच्या पुढं अणू झाले. प्रत्येक अणूवरचा जोर काढायचा, २ फेम्टोसेकंद पुढं सरकायचं, परत जोर काढायचा, असं करत मायक्रोसेकंद गाठायचा म्हणजे ५० कोटी पावलं. चांगलं जीपीयू असेल तर होतंय, नसेल तर परीक्षा संपली तरी रन संपत नाही.

ऊस भरताना कोण कांडं मोजत बसत नाही, मोळ्या मोजतात, तसं इथं तीन-चार जड अणू (हायड्रोजन सोडून बाकीचे) एका गोळ्यात बांधायचे. त्या गोळ्याला इंग्रजीत बीड म्हणतात, मी मणी म्हणतो. मार्टिनी नावाची जी पद्धत आहे, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या मारिंक यांच्या ग्रुपची, त्यात पाण्याचे चार रेणू मिळून एक मणी होतो. तर आपले २९,४४० पाणी ७,३६० मण्यांत बसले, सुक्रोज सहा मण्यांची, ३४० गुणिले ६ म्हणजे २,०४०, सगळे मिळून ९,४००. लाखावरनं साडेनऊ हजारांवर आलो. वर पाऊल २ फेम्टोऐवजी २० फेम्टोचं टाकता येतं. म्हणजे शंभरपटीनं काम कमी, आणि हालचाल पण गुळगुळीत होऊन जलद होते ती वेगळी.

पण फुकट काही मिळत नाही. मार्टिनी लिपिडसाठी २००४ ला आलं, २००७ ला त्याची दुसरी आवृत्ती, २००९ ला साखरेचे पॅरामीटर आले, आणि नंतर वापरणाऱ्यांच्या लक्षात आलं की साखरा एकमेकींना फार चिकटतात, खऱ्या पाण्यात ज्या खुशाल विरघळून राहतात त्या डब्यात गोळा होऊन बसतात, लांब साखळीच्या पॉलिसॅकराइडला तर जास्तच. २०१७ मध्ये यावर उपाय म्हणून साखर-साखर ओढ कमी करून घ्यायची पद्धत छापून आली, आणि २०२१ ला मार्टिनी ३, २०२२ ला त्याच्या साखरा आल्या तेव्हा पुष्कळ सुधारणा झाली. सुधारणा झाली म्हणून तपासायचं नाही असं होत नाही. या लेखातला निम्मा भाग तपासणीचाच आहे, रन चालवणं हे त्या मानानं सोपं काम, ग्रोमॅक्सला (सिम्युलेशन चालवणारं सॉफ्टवेअर) तीन कमांड दिल्या की झालं, पण डब्यात जे दिसतंय ते साखरेचं वागणं आहे की मॉडेलचा चिकटपणा आहे हे सांगता आलं नाही तर व्हायव्हाला बाहेरचा एक्झामिनर पहिल्या पाच मिनिटांत गाठतो.

प्रश्न कुठला विचारायचा

काम सुरू करायच्या आधी प्रश्न कागदावर लिहा. मणी केले की काय काय हरवतं ते बघा: हायड्रोजन बाँडची दिशा जाते. रिंग खुर्चीच्या आकारात आहे की वाकली ते जातं. ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज यांच्यात फरक काय तर एखादा ओएच वर की खाली, तो फरक मण्यात बहुतेक पुसला जातो. पाण्यात ग्लुकोज ३६ टक्के अल्फा आणि ६४ टक्के बीटा असतं, हे अल्फाचं बीटा होणं मार्टिनीत होतच नाही, कारण त्यात बाँड तुटत-जुळत नाहीत. त्याच कारणानं इन्व्हर्जन पण नाही, म्हणजे रस आंबट झाला आणि सुक्रोजचं ग्लुकोज-फ्रुक्टोज झालं हे असल्या डब्यात दाखवता येणार नाही, कितीही दिवस चालवा.

गुऱ्हाळावरचं पण नको. काहिलीतला गूळ उतरवायच्या वेळी ११८ अंशाच्या आसपास असतो, मार्टिनीचे आकडे खोलीच्या तापमानाला बसवलेत, आणि मणी करताना एंट्रॉपीचा बराच भाग ऊर्जेत मिसळून टाकलेला असतो, त्यामुळं तापमान बदललं की उत्तर कसं बदलेल यावर भरवसा ठेवता येत नाही. प्रोजेक्टचं नाव "गूळ तयार होण्याचं सिम्युलेशन" असं देऊन बसलेली मुलं मी बघितलीत. नाव बदलून घ्या, लवकर.

मग विचारायचं काय? साखरेचे रेणू पाण्यात किती गोळा होतात, लांब साखळी किती पसरून राहते, साखर प्रोटीनच्या किंवा मेम्ब्रेनच्या कुठल्या भागाला जास्त वेळ चिकटते, दोन पॉलिमर एकत्र टाकले तर वेगळे होतात का, असले प्रश्न. आपल्या भागासाठी सगळ्यात चांगला विषय म्हणजे डेक्स्ट्रॅन. तोडलेला ऊस दोन-चार दिवस फडात किंवा गाडीत पडून राहिला की त्यात ल्युकोनोस्टॉक नावाचा जंतू सुक्रोजपासून डेक्स्ट्रॅन करतो, ग्लुकोजची लांब साखळी, मुख्यतः अल्फा १-६ जोडणीची, अधनंमधनं फांद्या. त्यानं रस घट्ट होतो, गाळण अवघड होतं, साखरेचे दाणे लांबट येतात. दाणे लांबट का येतात ते मार्टिनीला विचारू नका, क्रिस्टलचा पृष्ठभाग त्याच्या आवाक्यात नाही. पण सुक्रोजच्या द्रावणात डेक्स्ट्रॅनची साखळी आखडते की पसरते हे विचारता येतं.

सामान

लिनक्स पाहिजे, किंवा विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल. ग्रोमॅक्स फुकट आहे, तेही मूळचं ग्रोनिंगनचंच. बघायला व्हीएमडी, हिशोबाला पायथन आणि एमडीअॅनालिसिस. पॉलिमरच्या साखळ्या बांधायला पॉलिप्लाय. ऑल-अॅटमचा (प्रत्येक अणू वेगळा धरलेला) रेणू तयार करायला चार्म-गुई ही वेबसाइट, कॉलेजच्या ईमेलवरनं रजिस्टर करायचं. मार्टिनीच्या साइटवरनं मार्टिनी ३ ची मुख्य आयटीपी (मण्यांचं आणि रेणूंचं वर्णन असलेली फाइल) आणि साखरांची आयटीपी उतरवून घ्या आणि त्यात आपल्या रेणूचं नाव आहे का बघा. असलं तर पुढचे दोन भाग वाचून समजून घ्या आणि तयार फाइल वापरा, नसलं तर ते दोन भागच तुमचं खरं काम. एकच गोष्ट कडक पाळा: मार्टिनी २ ची साखर आणि मार्टिनी ३ चं पाणी एका डब्यात घालायचं नाही. मण्यांची नावं सारखी दिसतात म्हणून ग्रोमॅक्स कधीकधी तक्रार पण करत नाही, गपगुमान चालतं आणि उत्तर भलतंच येतं.

अणूंचे मणी पाडणं

सुक्रोज घेऊन करून दाखवतो. जड अणू मोजा: १२ कार्बन, ११ ऑक्सिजन, एकूण २३. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोघांचे १२-१२ असतात, जोडताना एक पाणी निघून जातं म्हणून एक ऑक्सिजन कमी. सहा मणी करायचे, अर्धा अर्धा.

ग्लुकोजची बाजू, नंबर नेहमीचेच: पहिल्या मण्यात सी५, सी६, ओ६ आणि रिंगमधला ओ५. दुसऱ्यात सी३, ओ३, सी४, ओ४. तिसऱ्यात सी१, सी२, ओ२ आणि दोन साखरांना जोडणारा ऑक्सिजन. हे झाले चार-चार-चार. फ्रुक्टोजची रिंग पाच जणांची असते, तिथं पहिला मणी सी३, ओ३, सी४, ओ४, दुसरा सी५, ओ५, सी६, ओ६, आणि उरलेले सी१, ओ१, सी२ हे तिघे तिसरा. बेरीज करा, १२ आणि ११, तेवीस बरोबर. जोडणारा ऑक्सिजन ग्लुकोजकडं दिला की फ्रुक्टोजकडं, दोन्ही चालतं, पण एकदा ठरवलं की सगळीकडं तेच. असे मणी पाडायचं कारण एवढंच की शेजारशेजारचे दोन ओएच एका मण्यात राहिले पाहिजेत आणि मण्याच्या मधनं रासायनिक गट कापला जाऊ नये. ग्लुकोज वेगळ्या तऱ्हेनं पण पाडता येतं, सी१-ओ१-ओ५ असा तिघांचा, सी२-ओ२-सी३-ओ३ चौघांचा, आणि राहिलेले पाच तिसऱ्यात. कुठलं बरोबर हे रिंग बघून ठरत नाही, पुढं साखळी कुठल्या कार्बनवरनं वाढवायची आहे त्यावर ठरतं. डेक्स्ट्रॅनमध्ये जोडणी सी६ वरनं, स्टार्चमध्ये सी४ वरनं, त्यामुळं तो कार्बन ज्या मण्यात आहे त्याचा एक ओएच साखळीत नाहीसा होणार आणि मण्याचा प्रकार बदलणार.

मण्याची जागा म्हणजे त्यातल्या अणूंचा भौमितिक मध्य, मार्टिनी ३ मध्ये हायड्रोजन धरून. जुन्या लेखांत वस्तुमानाचा मध्य घेतलेला दिसेल, तो उचलू नका.

आकार तीन: रेग्युलर, स्मॉल, टायनी, साधारण चार, तीन, दोन जड अणूंसाठी, व्यास अनुक्रमे ०.४७, ०.४१ आणि ०.३४ नॅनोमीटर. आपल्या मण्यात चार अणू आहेत म्हणून डोळे झाकून रेग्युलर घ्यायचा नाही. रिंगमध्ये असल्यामुळं ते आटोपशीर बसलेले असतात, सरळ साखळीतल्या चौघांएवढी जागा घेत नाहीत, म्हणून इथं स्मॉल. खात्री करायची तर ऑल-अॅटम रेणूचा आणि मण्यांच्या रेणूचा पाण्याला उघडा असलेला पृष्ठभाग काढा, जीएमएक्स सासा कमांडनं, प्रोब दोन्हीकडं सारखाच. मण्यांचा आकडा फार कमी आला तर रेणू वाजवीपेक्षा बारका झालाय आणि तो शेजाऱ्यांच्या फार जवळ जाऊन बसणार, चिकटपणाचं एक मूळ इथं असतं.

प्रकार निवडताना साखरेचे मणी बहुतेक पी गटातले, म्हणजे पाणी आवडणारे. पी च्या पुढचा आकडा १ ते ६, जेवढा मोठा तेवढा ध्रुवीय. आणि मार्टिनी ३ मध्ये त्याच्या मागं छोटं 'आर' अक्षर लावलं की तसल्याच मण्यांची आपसातली ओढ थोडी कमी होते. साखरेसाठी हे 'आर' फार कामाचं आहे. ऑक्टॅनॉल आणि पाण्यात ग्लुकोज कसं वाटलं जातं त्याचा लॉग-पी उणे ३ च्या आसपास असतो, तुमच्या मण्यांचा तेवढा आला की प्रकार बरोबर. पण लॉग-पी जुळलं म्हणजे साखर-साखर ओढ जुळली असं नाही, कारण त्या चाचणीत साखर एकटीच असते. पुष्कळ जण इथं थांबतात.

बाँड, अँगल, डायहेड्रल

यासाठी आधी ऑल-अॅटमचा एक छोटा रन लागतो, एक सुक्रोज आणि भोवती पाणी, चार्म३६ किंवा ग्लायकॅम ०६ (अणूंमधल्या जोराच्या तयार आकड्यांचे संच) घेऊन, काहीशे नॅनोसेकंद. तो ट्रॅजेक्टरी, म्हणजे वेळेबरोबर साठवलेल्या अणूंच्या जागा, मण्यांत बदलून (एमडीअॅनालिसिसमध्ये पंधरा-वीस ओळींचं काम आहे) प्रत्येक मण्याच्या जोडीचं अंतर, तिघांचा कोन, चौघांचा डायहेड्रल (मधल्या बाँडभोवतीचा पीळ) यांचे आलेख काढा आणि कोर्स-ग्रेन रनचे आलेख त्यांच्यावर ठेवून बघा.

एका रिंगमधल्या तीन मण्यांचा त्रिकोण कडकच असतो, बाँडचा आलेख सुईसारखा बारीक येतो, तिथं स्प्रिंग न लावता सरळ कन्स्ट्रेंट लावा नाहीतर २० फेम्टोच्या पावलाला सिस्टम उडते. दोन साखरांमधला सांधा मात्र हलता, खरी मेहनत तिथं. ग्लायकोसिडिक जोडणीचे फाय आणि साय असे दोन कोन असतात, मण्यांत ते दोन्ही मिळून एखाद-दुसऱ्या डायहेड्रलमध्ये आणायचे. आलेखाला दोन शिखरं असली तर मोठं शिखर धरा, छोट्याच्या मागं लागून चार फंक्शन लावलेली मॉडेलं चालवताना त्रास देतात. आणि डायहेड्रलच्या चार मण्यांपैकी तीन सरळ रेषेत आले की डायहेड्रलचा अर्थच राहत नाही, जोर अनंताकडं जातो आणि रन मरतो, म्हणून त्या कोनाला ग्रोमॅक्सचा १० नंबरचा फंक्शन, रिस्ट्रिक्टेड बेंडिंग, लावा. तो कोनाला १८० पर्यंत जाऊच देत नाही.

वस्तुमान: रेग्युलर ७२, स्मॉल ५४, टायनी ३६. सहा स्मॉल मणी म्हणजे ३२४, खरी सुक्रोज ३४२. यामुळं जीएमएक्स एनर्जी जी घनता सांगते ती खऱ्या घनतेशी ताडू नका, डब्याची बाजू ताडा.

डबा भरणं आणि चालवणं

११ नॅनोमीटरचा रिकामा डबा घ्या, थोडा मोठा, म्हणजे भरताना अडत नाही. जीएमएक्स इन्सर्ट-मॉलेक्यूल्सनं ३४० सुक्रोज टाका. मग जीएमएक्स सॉल्वेट, मार्टिनीच्या पाण्याची ग्रो फाइल (मण्यांच्या जागांची) देऊन, रेडियस ०.२१, आणि मॅक्ससॉल ७३६० द्या म्हणजे जास्तीचं पाणी भरणार नाही. टोपोलॉजी (टॉप) फाइलच्या शेवटी रेणूंचे आकडे बघून घ्या, दर दुसऱ्या मुलाची पहिली एरर तिथली असते, ग्रो फाइलमधलं पाण्याचं नाव आणि आयटीपीतलं नाव जुळत नाही.

मिनिमायझेशन स्टीपेस्ट डिसेंटनं. मग ५ फेम्टोचं पाऊल, मग १०, मग २०. साखरेत २० ला त्रास होत असेल तर १० वरच चालवा, वेळ दुप्पट लागेल, लागू दे. बाकी सेटिंग अशी: व्हर्ले कटऑफ, दोन्ही कटऑफ १.१ नॅनोमीटर, व्हॅनडरवाल्सला पोटेन्शियल-शिफ्ट, कुलोमला रिअॅक्शन-फील्ड आणि एप्सिलॉन-आर १५ (साखरेवर चार्जच नाही त्यामुळं इथं फरक पडत नाही, पण पुढं मीठ घातलं तर पडेल). तापमान व्ही-रिस्केल, २९८ केल्विन, टाऊ १ पिकोसेकंद. दाब सुरुवातीला सी-रिस्केल, मग पॅरिनेलो-रहमान, टाऊ १२, कॉम्प्रेसिबिलिटी ३ गुणिले १० चा उणे ४ घात, १ बार. डबा आखडत येऊन बाजू १० नॅनोमीटरच्या जवळ थांबली पाहिजे. ९.६ ला गेली किंवा १०.४ ला अडली तर पुढं जाऊ नका, मण्यांचा आकार चुकलाय.

खानापूरकडं राहत असाल तर पावसाळ्यात लाईटचं सांगायला नको. ग्रोमॅक्स दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट लिहितो, तो सीपीटी ५ देऊन पाच मिनिटांवर आणा, आणि परत सुरू करताना सीपीआय देऊन तीच फाइल द्या, रन जिथं तुटला तिथनं पुढं जातो. चेकपॉइंट असताना पहिल्यापासून रन लावणारे बघितले की हात जोडावेसे वाटतात.

दोन रन लावा, एक नव्हे. एकात साखर डबाभर पसरलेली, दुसऱ्यात सगळी एका कोपऱ्यात गोळा करून ठेवलेली. दोन्ही एक-दोन मायक्रोसेकंदांत एकाच अवस्थेला आले तर उत्तर खरं. पसरलेली पसरलेलीच आणि गोळा गोळाच राहिला तर अजून चालवा, अजून तुम्हाला काहीच कळलेलं नाही.

चिकटपणा तपासणं

डबा व्हीएमडीत उघडून "क्लस्टर दिसतंय" असं लिहायचं नाही. आपल्या रसात प्रत्येक सुक्रोजच्या वाट्याला २.९४ घन नॅनोमीटर जागा येते, म्हणजे शेजारी सरासरी १.४ नॅनोमीटरवर, आणि रेणू स्वतःच सुमारे १ नॅनोमीटरचा. एवढ्या गर्दीत नुसत्या योगायोगानं पण ते एकमेकांना टेकणारच. जीएमएक्स क्लस्टसाइझमध्ये कटऑफ ०.५ वरनं ०.६ केला की क्लस्टर दुप्पट झालेलं दिसतं, त्यामुळं त्या आकड्याला एकट्याला किंमत नाही. सगळ्यात मोठं क्लस्टर वेळेबरोबर वाढतच चाललंय का एवढं त्यातनं बघा.

खरी चाचणी ऑस्मॉटिक प्रेशर. प्रयोगातनं मोजता येतं, मॉडेलमधनं पण काढता येतं. पद्धत अशी की १० गुणिले १० गुणिले २० चा लांबट डबा घ्यायचा, मधल्या १० नॅनोमीटरमध्ये ३४० सुक्रोज, दोन्ही बाजूला नुसतं पाणी, म्हणजे पाण्याचे मणी आता साधारण १५,७०० होतील. मध्ये दोन अदृश्य भिंती, ज्या पाण्याला दिसत नाहीत पण साखरेला अडवतात. ग्रोमॅक्समध्ये यासाठी फ्लॅट-बॉटम पोझिशन रिस्ट्रेंट आहे, पोझिशन रिस्ट्रेंटचा दुसरा प्रकार, भूमिती ५ नंबरची म्हणजे झेडच्या दिशेची पट्टी, मध्यापासून ५ नॅनोमीटर मोकळे, त्यापुढं गेलेल्या मण्याला स्प्रिंग आत ढकलते, स्प्रिंग १००० घ्या. दाब आधी बसवून घ्या आणि मोजायच्या रनला डब्याचं आकारमान स्थिर ठेवा, नाहीतर भिंतीच्या जागा डब्याबरोबर सरकत राहतात.

मग ट्रॅजेक्टरीतनं प्रत्येक फ्रेमला बघायचं, किती मणी भिंतीपलीकडं किती गेलेत, गेलेलं अंतर गुणिले १००० अशी बेरीज, ती दोन भिंतींत भागायची, मग भिंतीच्या १०० चौरस नॅनोमीटरनं भागायचं, मग १६.६ नं गुणायचं, उत्तर बारमध्ये. ताडायला: आदर्श द्रावणाचं प्रेशर म्हणजे मोलॅरिटी गुणिले २४.८, आपल्या रसाला १४ बार. उलट्या बाजूनं बघितलं तर १४ बार म्हणजे एका भिंतीवर साधारण ८४ किलोज्यूल प्रति मोल प्रति नॅनोमीटर जोर, म्हणजे कुठल्याही क्षणी सगळ्या मण्यांचं भिंतीपलीकडचं अंतर मिळून फक्त ०.०८ नॅनोमीटर. फार बारीक आकडा आहे, म्हणून फ्रेम भरपूर साठवा आणि ट्रॅजेक्टरीचे पाच तुकडे करून प्रत्येकाची सरासरी वेगळी काढा, पाचांत किती फरक येतो तीच तुमची एरर.

खऱ्या सुक्रोजचं प्रेशर आदर्शपेक्षा थोडं जास्त येतं, कारण ती पाणी धरून ठेवते आणि जागा पण खाते. म्हणून मॉडेलचं १४ च्या खाली, ८ किंवा ५ आलं, तर तिथं सरळ कळतं की रेणू भिंतीवर आपटायच्या ऐवजी एकमेकांना धरून बसलेत. ही चाचणी ऑल-अॅटमलाही सुटलेली नाही, २०१६ मध्ये ग्लायकॅम ०६ आणि चार्म३६ दोन्हींतल्या साखर-साखर ओढीला ऑस्मॉटिक प्रेशरशी ताडून दुरुस्ती करावी लागली होती. तेव्हा कोर्स-ग्रेनला कुणी नावं ठेवली तर हे सांगा.

खाली आलं तर काय करायचं? आधी पृष्ठभागाची आणि बाँडच्या लांबीची तपासणी परत करा, मग मण्याचा प्रकार एक पायरी खाली किंवा 'आर' लावून, आणि शेवटचा उपाय म्हणून साखर-साखर एप्सिलॉन (दोन मण्यांमधल्या ओढीचा आकडा) हातानं कमी. साखर-पाणी ओढीला हात लावायचा नाही, तिनं लॉग-पी बिघडतं. आणि १८ ब्रिक्सला बसवलं की ९ आणि ३० ब्रिक्सला पण चालवून बघा, एकाच ठिकाणी बसवलेला आकडा दुसऱ्या ठिकाणी टिकला तरच त्याचा उपयोग.

वेळेबद्दल थोडक्यात. मार्टिनी २ च्या लेखांत वेळ चारनं गुणलेली दिसेल, तो चार लिपिड आणि पाण्याच्या वेगावरनं आलाय, साखरेला तसाच लावू नका. सुक्रोजचा पाण्यातला डिफ्यूजन गुणांक २५ अंशाला ०.५२ गुणिले १० चा उणे ५ घात चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद, हा विरळ द्रावणाचा. तुमच्या विरळ डब्यातला आकडा काढा, डब्याच्या आकाराची दुरुस्ती लावा, आणि ताडून किती पट जलद ते सांगा. त्यावरनं रसाची व्हिस्कॉसिटी काढायचा मोह होतो, तो आवरा.

डेक्स्ट्रॅनकडं

सुक्रोज पास झाली की पॉलिप्लायनं डेक्स्ट्रॅनची साखळी करा: जेन-पॅरॅम्सनं आयटीपी, जेन-कोऑर्ड्सनं जागा. सुरुवात २० ग्लुकोजच्या सरळ साखळीनं, फांद्या नंतर. डबा साखळीच्या ताणलेल्या लांबीपेक्षा मोठा पाहिजे, नाहीतर ती पलीकडनं येऊन स्वतःलाच धरते आणि तुम्हाला वाटतं आखडली. एकदा नुसत्या पाण्यात, एकदा १८ ब्रिक्सच्या सुक्रोजमध्ये, जायरेशनची त्रिज्या (साखळी किती पसरली त्याचं माप) दोन्हीत काढा. साखळी एकटी पाण्यातच गोळा होऊन बसली तर सुक्रोजपर्यंत जाऊच नका, परत चिकटपणाची तपासणी, यावेळी डेक्स्ट्रॅनच्या मण्यांची, कारण जोडणीत ओएच गेलेला मणी सुट्या ग्लुकोजच्या मण्यासारखा वागत नाही.

गाईडला देताना ट्रॅजेक्टरी पेन ड्राइव्हवर घेऊन जायची गरज नाही. एमडीपी (रनच्या सेटिंगची फाइल), आयटीपी, टॉप, सुरुवातीची ग्रो, ग्रोमॅक्सचं आणि मार्टिनीचं व्हर्जन लिहिलेली एक टेक्स्ट फाइल, आणि ऑस्मॉटिक प्रेशरचा पायथन स्क्रिप्ट, एवढं एका फोल्डरमध्ये द्या. कुठल्या अणूला कुठला मणी दिला त्याचं हातानं काढलेलं चित्र पण स्कॅन करून त्यातच टाका, व्हायव्हाला पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो.